वैशाखातलं बी

मानसरोवर, जयपूर
रविवार, ७ ऑगस्ट १९८८

सौ. मालन हीस,

आशीर्वाद लिहावा की नाही, यात सकाळचा एक चहा गार झाला. लिहितो. अनेक आशीर्वाद. रीत मी मोडलेली नाही, तू मोडलीस.

आज आठवा दिवस. तू गेलीस हे मला शेजारच्या सक्सेनाबाईंनी सांगितलं. "भाईसाब, भाभीजी तो सुबह की गाड़ी से गईं, आपको बताया नहीं?" चोवीस वर्षं रेल्वेच्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला आपली बायको कुठल्या गाडीनं गेली ते कुंपणावरून कळतं. सवाई माधोपूरला गाडी बदलावी लागते, पूल ओलांडून पलीकडं जायचं असतं. तू एकटी कधी गेली नव्हतीस. कोंडिबाची तार आली, 'पोचली'. तुझ्या भावानं एक शब्द जास्त घातला असता तर तारघर बंद पडलं असतं काय?

मला काय म्हणायचंय ते लेखी असावं म्हणून मांडतो.

बस्सीच्या पलीकडचं वीस बिघे गायरान दोन वर्षं बंद आहे. गावानं ते माझ्या शब्दावर बंद केलं. गेल्या साली दुष्काळ पडला, माणसांनी झाडाचा पाला ओरबाडून जनावरांना घातला, कल्याणसहाय सरपंचानं स्वतःच्या दोन गाई हटवाड्यात नेऊन विकल्या, पण कुंपणाच्या आत एक शेळी कुणी सोडली नाही. का, तर बाबूजी म्हणालेत की पुढच्या पावसात इथं धामण गवत उभं राहील. आपल्या माणदेशातलं अंजन गवत ते हेच, हे मी ओळखलं होतं, कुठल्या डॉक्टरेटवाल्यानं नाही. शहाऐंशीच्या आश्विनात आपण दोघांनी हातानं ओरबाडून जमवलेलं बी मी सांभाळलं. जूनअखेर त्याच्या मातीत वळलेल्या गोळ्या पेरल्या. पाऊसही यंदा मनासारखा झाला. आणि आज महिना उलटून गेला तरी वीस बिघ्यांत काटेरी भुरट गवताशिवाय काही नाही. धोतराला काटे घेऊन परत येतो.

कारण एकच. गोळ्या. मी माप घालून दिलं होतं: एक बी, एक शेण, तीन चिकणमाती, एक वाळू. तुझ्या हाताला तीन माती पुरत नाहीत, भाकरीच्या पिठासारखं तू दाबून दाबून मळतेस. बी आत गुदमरलं. हे मी तुला त्या दिवशी गायरानावरच सांगितलं. खरं ते सांगायला जागा बघावी लागते, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दोन ऑक्टोबरला गावाची सभा आहे. गायरान उघडायचं की आणखी एक साल बंद ठेवायचं, ते त्या दिवशी ठरेल. उघडलं की आठ दिवसांत जनावरं सगळं तुडवतील, आणि मग जंगल खातं तिथं विलायती बाभूळ लावणार, आपल्याकडची वेडी बाभूळ. ती एकदा आली की माझ्या हयातीत तिथं गवत येत नाही. तुला हे माहीत असून तू गेलीस.

पिठाची चाळण कुठं ठेवलीस?

हिंदुराव


गायरानावरून, बस्सी
रविवार, २१ ऑगस्ट

सौ. मालन हीस,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा दिवस विचार करून माणसानं तीन ओळी लिहाव्यात? वर चाळणीबद्दल अवाक्षर नाही.

पहिली ओळ: "माती तीनच मापं होती, प्रभातीला विचारा." विचारलं. ती तुझ्याच बाजूनं बोलणार, तुम्ही दोघींनी मिळून गोळ्या वळल्यात, ही साक्ष मी धरत नाही. तरी विचारलं. ती म्हणते, "बाबूजी, तीन का तीन. बाई तो डब्बा ऊपर से हथेली फेर के बराबर करती थी." असेल.

दुसरी ओळ: "बोलायचं ते घरात बोलायचं. तुम्ही हिंदीत बोललात." याला मी काय उत्तर देऊ? गावकऱ्यांसमोर मराठीत बोललो असतो तर त्यांना काय कळलं असतं?

बरोबर. तुला तेच म्हणायचंय, हे मला समजतं. मी मूर्ख नाही. पंचवीस वर्षं आपण या मुलखात भांडलो ते मराठीत, भिंतीपलीकडं कुणाला कळू नये म्हणून. त्या दिवशी तसं झालं नाही. पण माझी बाजू बघ. माणसं माझ्याकडं बघत उभी होती. दोन वर्षांचा हिशोब डोळ्यांत घेऊन. त्यांना उत्तर हवं होतं, आणि त्या वेळी माझ्याजवळ तेच उत्तर होतं.

तर आता मी काय केलं ते ऐक. मी स्वतः फोडून बघितलं. चारी कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी, प्रत्येक जागी सहा, एकूण तीस गोळ्या. गोळ्या पावसात उमललेल्या होत्या, उकडलेल्या बटाट्यागत. कुठंही बी आत दाबून बसलेलं नव्हतं. बी सडलेलं नव्हतं, किडलेलं नव्हतं, मुंग्यांनी नेलं नव्हतं. नखानं सोललं तर दाणा आत टणक आणि पिवळसर. जिवंत बी, ओल मिळालेली, वर माती मोकळी, आणि उगवायला तयार नाही. मला राग आला तो त्याचाच. माणूस आजारी असेल तर दवा देता येते. धडधाकट असून उठत नसेल तर काय करायचं?

प्रभाती बांधावर बसून बघत होती. म्हणाली, "आपने बाई को डांटा ना, बीज ने सुन लिया. अब डर के मारे बाहर नहीं निकलता." आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. इथं माझी ही किंमत राहिली आहे.

तिसऱ्या ओळीबद्दल. "मी फडक्यात दहा दाणे घातले होते, सांगितलं होतं." सांगितलं होतंस, नाकारत नाही. पेरणीआधी आठ दिवस, ओल्या फडक्याची पुरचुंडी माझ्या पुढ्यात सोडून, "एकच फुटलाय, हे बी अजून रुसलेलं दिसतंय," असं म्हणालीस. मी म्हणालो, फडक्यात रुजवणं हे घटस्थापनेला ठीक आहे, दहा दाण्यांवर वीस बिघ्यांचा निर्णय होत नाही. हे मी आजही म्हणतो. दहा दाणे म्हणजे काहीच नाही. निदान शंभर हवेत.

म्हणून उद्या मी शंभर घालतो. रीतसर. कोठीत पोत्यांत बी शिल्लक आहे, पुढच्या-मागच्या दोन्ही रांगांतलं. टीपकागद, स्टीलची ताटं, रोज दोन वेळा पाणी, तारीखवार नोंद. मग बोलू.

हिंदुराव


मानसरोवर
रविवार, ४ सप्टेंबर

सौ. मालन हीस,

निकाल खालीलप्रमाणे.

पुढच्या रांगेतलं बी, जे पेरणीला काढून दिलं: शंभरात चार.

मागच्या रांगेतलं बी, जे ठेवून दिलं होतं: शंभरात एकसष्ट.

तेराव्या दिवशीची मोजणी. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा सक्सेनाबाईंच्या मिस्टरांना मोजायला बसवलं, ते बँकेत आहेत.

कोठीची माझी पद्धत तुला ठाऊक आहे. जुना माल पुढं, नवा मागं, काढायचं ते पुढून. चोवीस वर्षं रेल्वेचा माल असाच लावला, एक नट इकडचा तिकडं गेला नाही. तू म्हणायचीस पोत्यांना चिंध्या बांधा, जुन्याला लाल, नव्याला पांढरी. मी म्हणायचो, मांडणी नीट असली की चिंध्या लागत नाहीत. तेव्हा पुढं असायला हवं ते शहाऐंशीच्या आश्विनातलं बी. मागं ते यंदाच्या वैशाखात विहिरीकाठच्या वाफ्यातून काढलेलं, जेमतेम दोन महिन्यांचं. नवं बी वर्षभर उगवत नाही, हे तू मला पहिल्याच साली सांगितलं होतंस आणि मी वहीत लिहून ठेवलं होतं. वही काढून बघितली. पान सतरा. तुझं नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'आढळून आले' असं लिहिलं आहे.

मग पुढच्या रांगेत वैशाखातलं बी कसं, हा प्रश्न.

अकरा जूनला आंधी आली. तू त्या दिवशी इथं घरी होतीस. कोठीचा एक पत्रा उडाला, पाण्याची सर आत आली. मी एकटा होतो. चारी पोती ओढून बाहेर काढली, ऊन पडल्यावर चार वाजता परत लावली. आधी बाहेर काढलेली जुनी पोती आधी सुकली, ती आधी आत गेली, म्हणजे मागं; नवी पुढं राहिली.

याचा अर्थ काय, ते तू काढशीलच. मला आज जास्त लिहिता येत नाही. ताटांतले अंकुर टाकवत नाहीत, स्वयंपाकघराचा ओटा त्यांनीच व्यापला आहे.

हिं.


गायरानावरून
मंगळवार, २० सप्टेंबर

सौ. मालन हीस,

तुझं उत्तर नाही. मागितलेलंही नव्हतं.

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून जे घडलं ते क्रमानं सांगतो.

काल, मला देखरेखीवर ठेवणाऱ्या संस्थेचे साहेब जीप घेऊन आले. पायात बूट, डोक्यावर टोपी, कुंपणाच्या आत पाच मिनिटं. मला टाईप केलेला कागद दिला, "हिंदुरावजी, आप तो अंग्रेज़ी पढ़ लेते हैं, एक बार देख लीजिए." पढ़ लेते हैं. शब्दकोश शेजारी घेऊन मी गवतांची लॅटिन नावं पाठ केली तेव्हा हा माणूस शाळेत असेल. वाचलं. चौथ्या परिच्छेदात लिहिलंय, यंदाचं अपयश हे गोळ्या बनवणाऱ्या अकुशल महिला मजुराच्या चुकीमुळं आलं.

मी विचारलं, हे कुणी सांगितलं?

म्हणाले, "आपने ही तो बताया था."

अकुशल. मालन, मी तो शब्द तीन वेळा वाचला. ज्या बाईनं या मुलखातलं करड गवत म्हणजे आपलं मारवेल, हे नुसतं देठ चावून सांगितलं. जिनं धामणीची लोंबी पिकली की नाही हे तळहातावर घासून पोरींना शिकवलं, अर्धी पिकलेली ओरबाडू नका म्हणून त्यांच्या मागं मागं फिरली. साहेबाच्या अख्ख्या ऑफिसात एकाला विचार, धामणीचं बी कोणत्या पंधरवड्यात सुटतं? एक सांगू शकणार नाही. आणि मजूर? वाफ्यावरचे तीन आणि गायरानाचे दोन, अशा पाच हंगामांत तुझं नाव त्यांच्या हजेरीत एकदाही लागलेलं नाही, आता चूक निघाली तेव्हा तू त्यांची मजूर झालीस. मी तो कागद त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणालो, यात चौथा परिच्छेद खोटा आहे. ते म्हणाले, मग खरं काय आहे?

मी गप्प बसलो.

हे तुला कळवलंच पाहिजे म्हणून लिहितो. मी गप्प बसलो.

जीप गेल्यावर कल्याणसहाय माझ्याशेजारी येऊन बसला. सरपंच असला तरी तो उकिडवाच बसतो, तुला माहीत आहे. बिडी पेटवून म्हणाला, "बाबूजी, पंच लोग मान रहे हैं. कहते हैं गलती बाई की थी, बाई गई, बाबूजी पक्के आदमी हैं, एक साल और दे दो. आप बस सभा में कुछ मत बोलना."

मी म्हणालो, गलती बाई की नहीं थी.

त्यानं बिडीची राख झटकली. "वो तो मुझे सावन से पता है," म्हणाला. "घरवाली ने बता दिया, बीज इसी बैसाख का था. पर गाँव आपके नाम पर रुका हुआ है. आपका नाम गया तो कल सुबह गायें अंदर."

म्हणजे बघ. सगळ्या बायकांना ठाऊक, सरपंचाला ठाऊक, आणि मी दोन आठवडे ताटांत दाणे मोजत बसलो. एकानंही तोंडावर म्हणू नये, की बाबूजी, पोती तुम्ही फिरवलीत? मी इतका भयंकर माणूस आहे काय?

आणि सरपंचाचं म्हणणं चूक नाही, हे जास्त वाईट. गप्प बसलो तर गायरान वाचतं. मातीत पडलेलं ते बी मेलेलं नाही, पुढच्या आषाढात उठेल, मला खात्री आहे, फक्त त्याच्यावर खुरं पडता कामा नयेत. वीस बिघे गवत एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तुझ्यावरचा एक शब्द, तोही तू नसताना, तू ऐकणार नाहीस अशा गावात. कुणीही शहाणा माणूस काय करील?

मला सल्ला नको आहे. दोन तारखेला बारा दिवस आहेत.

हिंदुराव


मानसरोवर
बुधवार, ५ ऑक्टोबर

सौ. मालन,

सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो, मध्ये माझं मत घालत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सभा होती. साहेबही आले होते, त्यांना खुर्ची होती. कल्याणसहाय उठला, म्हणाला, यंदा गोळ्यांत खोट राहिली, पुढच्या साली राहणार नाही, आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनी बस म्हणाला. मी बसलोच होतो. मग पंचांतला तो उंच म्हातारा, लाल पगडीवाला, तो बोलला, "अच्छा हुआ जो बाई को भेज दिया." सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उठलो.

काय बोलणार ते मी चार दिवस वहीत लिहून ठेवलं होतं, ते घरीच राहिलं. तोंडाला आलं ते असं. म्हणालो, कोणी कुणाला पाठवलेलं नाही. वैशाखातलं बी मी पेरायला काढून दिलं. आंधीच्या दिवशी पोती मी फिरवली आणि विसरलो. बाईनं पेरणीआधी फडक्यात रुजवून मला दाखवलं होतं की हे बी उगवणार नाही, आणि मी तिला गप्प केलं. साहेबांच्या कागदात अकुशल लिहिलंय ते माझ्या नावापुढं लिहा. आणि तुम्ही सगळे, मी म्हणालो, तुम्ही त्या दिवशी इथं उभे होता, पाच साल तुम्ही तिच्या हाताखाली काम केलंत, तिचा हात कसा आहे ते तुम्हाला माहीत होतं, तरी एकानंही मला अडवलं नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात? कशावरून?

साहेब घड्याळ बघायला लागले.

म्हातारा म्हणाला, "तो बाबूजी, जब आपको ही पता नहीं था, तो हम गायें क्यों रोकें?" रास्त प्रश्न. मी म्हणालो, बी जिवंत आहे, रुसलेलं आहे, वर्षानं उठतं. तो म्हणाला, "कौन कहता है?" मी म्हणालो, मालन कहती है.

तेव्हा बायकांच्या बाजूनं प्रभाती उठली. घुंघट तसाच, त्याच्या आतून म्हणाली, "बाई कहती है तो उठेगा. बाबूजी कहते तो मैं अपनी भैंस अभी छोड़ देती." व्हरांडा हसला. मीही हसलो असेन, मला आठवत नाही.

दोन तास चाललं. निकाल असा: बारा बिघे बंद राहणार पुढच्या आश्विनापर्यंत. आठ बिघे, विहिरीकडची, दिवाळीनंतर जनावरांना. ती आठ गेली, त्यात शंका नको. खात्याला बाभळीसाठी सध्या नकार. कोठीची किल्ली माझ्याकडून काढून प्रभातीकडं दिली, सर्वानुमते. संस्थेनं मला पुढच्या हंगामासाठी देखरेखीवर ठेवलेलं नाही, साहेबांनी जीपमध्ये चढताना सांगितलं. प्रभातीनं काल चारी पोत्यांना चिंध्या बांधल्या. दोन लाल, दोन पांढऱ्या. लुगड्याच्या काठाच्या आहेत. मी शिवायला दाभण दिला.

मी जातो अजूनही. कुंपणाच्या बाहेर बसतो. किल्ली नसलेल्या माणसाला गवत जास्त दिसतं, असं काही नाही. भुरटच दिसतं.

गावातल्या बायका विचारतात, बाई कधी येणार. मी त्यांना सांगितलं, तो निरोप मी पोचवणार नाही, तुम्हाला हवी असेल तर तुम्ही लिहा. त्यांच्या आडून तुला बोलावणं मला जमणार नाही.

आता राहिलं एक. जुलैमधल्या त्या दिवशी, मी जे बोललो, "इस औरत ने बीस बीघा मार दिया," तेव्हा बांधावर किती माणसं होती, ते मी आठवून आठवून नावानिशी लिहून काढलं. मी सोडून सव्वीस. सभेत त्यांतली एकवीस होती. दोघांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. एक दौसा गावात दुकान लावतो, त्याच्याकडं सोमवारी बसनं गेलो, गिऱ्हाईक संपेपर्यंत थांबलो. एक म्हातारी ऐकू येत नाही अशी आहे, तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं, आजूबाजूची सगळी गल्ली जमा झाली, ती वेगळी. ती म्हणाली, "तो मुझे क्या, उसी को बोल." झाले पंचवीस.

सव्विसावी तू होतीस. घमेलं हातात धरून, डावीकडं, प्रभातीच्या मागं.

पोती मी फिरवली. बी मी काढून दिलं. तुझ्या गोळ्यांत काही खोट नव्हती, आणि त्या दिवशी बोलतानासुद्धा खोट असेल असं मला पक्कं वाटत नव्हतं.

तुझा
हिंदुराव